लांडग्याची हाळी

वडवणीत परमेश्वरचं साउंड सर्व्हिसचं दुकान आहे. लग्नसराईत त्याच्या स्पीकरांपुढे वराती नाचतात. एरवी तो शटर अर्धं ओढून लॅपटॉपवर वेगळंच काही रचत बसतो. काळोखं, संथ घुमणारं, जवळजवळ तालाविना चालणारं संगीत. ते ऐकणारे लोक जगात कुठे कुठे विखुरलेले आहेत. गावात कुणी नाही.

अंबाजोगाईचा प्रविण त्याचा जोडीदार. वर्षभर एकमेकांना आवाज पाठवून दोघांनी अल्बम केला. प्रविणने जनरेटरची घरघर दिली, रिकाम्या टाकीतला घुमारा दिला. परमेश्वरने मेंढरांच्या खुरांचा आवाज. नाव ठेवलं 'वाघर', मेंढरं कोंडायची जाळी. त्या संध्याकाळी अल्बम इंटरनेटवर यायचा होता.

शेवटचा ट्रॅक उभा होता तो चतुराबाईच्या, म्हणजे परमेश्वरच्या आईच्या हाळीवर. लांडगा दिसला तरच ती हाळी द्यायची, एरवी नाही. उन्हाळ्यात तो खुरांचा आवाज टिपत असताना खरंच लांडगा आला आणि हाळी मोबाइलमध्ये सापडली. आईला त्याने सांगितलं नव्हतं.

दुपारी प्रविणचा फोन आला. "मोठ्या स्पीकरवर एकदा बघ बे, आवाज फाटत तर न्हाई ना. मग चढवू."

परमेश्वरने स्पीकर दारात ओढला, तोंड रस्त्याकडे केलं. आधी छातीत उतरणारी घरघर. मग हाळी.

रस्त्यापलीकडच्या रानात आई मेंढरं चारत होती, हे त्याला माहीत होतं. पण कितीतरी महिने कापून-जोडून ती हाळी त्याच्यासाठी नुसता आवाज झाली होती.

मेंढरांनी माना वर केल्या. हाळी देणाऱ्याकडे पळायचं, एवढंच त्यांना ठाऊक. सगळा कळप दुकानाकडे सुटला. रस्त्यावरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर येत होता.

मागून चतुराबाईने जीव तोडून तीच हाळी दिली. मेंढरं भर रस्त्यात थबकली. पुढे तिचा आवाज, मागेही तिचाच.

परमेश्वरने वायर उपटली.

एकच आवाज उरला. कळप वळला. ट्रॅक्टर करकचून थांबला, तेव्हा चाकापुढे एक लंगडी मेंढी उभी होती. ड्रायव्हरने उतरून तिला बाजूला ढकललं आणि आईवरून शिवी हासडली.

चतुराबाई रस्ता ओलांडून आली. "मुडद्या, माझी हाळी डब्यात कावून कोंडली?"

"माय, गाण्यात घेतली."

"लांडगा नसताना वाजवलीस. आता खरा आला तर येतेल का ही माझ्याकडं?"

खिशात फोन थरथरत होता. परमेश्वरने तो पाहिलाही नाही. "काढून टाकतो," तो म्हणाला. हाळी काढली की ट्रॅकमध्ये काही उरत नव्हतं.

"कुठं जाणार हाय ते?"

"लई लांब. जर्मनी, जपान."

"तिकडं माझी मेंढरं हायती का?"

"न्हाई."

"मग आधी मला ऐकीव."

त्याने पदरावरूनच तिला हेडफोन लावले. ती रानाकडे बघत राहिली. मध्येच काठीवरची मूठ आवळली, ती झटकन मागे वळली. मागे काहीच नव्हतं. संपल्यावर तिने हेडफोन उतरवून त्याच्या हातात दिले.

"लांडगा दिसंना. पण हाय."

"जाऊ दे मग?"

"जाऊ दे. हितं परत वाजवलंस तर दुकान पेटवीन."

संध्याकाळी अल्बम गेला. चतुराबाईने मेंढरं वाघरीत घेतली आणि बराच वेळ जाळीशी उभी राहिली. मेंढरं येतात का हे बघायला नुसती हाळी देता येत नाही. लांडगा येईल तेव्हाच कळेल.