कर्नलसाहेबांची पदकं आणि माझी बॅग

सौदीतल्या राबिघच्या आमच्या कारखान्यात सुरक्षेचं आणि आगीच्या सरावाचं खातं एका ऑस्ट्रेलियन कर्नलसाहेबांकडे होतं. फौजेतून निवृत्त होऊन ते इकडे आले होते. त्यांच्या ऑफिसातले इकामे म्हणजे राहण्याचे परवाने, व्हिसे, रजा, विमानाची तिकिटं हे सगळं बघायला मी. मी मूळचा रत्नागिरीकडच्या खाडीकाठचा. जेद्दाला बलदच्या जुन्या बाजारात चुलत्याच्या दुकानात कापड फाडत सौदीतली पहिली वर्षं काढली, मग राबिघला आलो तो इथेच रुतलो. साहेबांशी माझं बोलणं इंग्रजीत चाले. माझं इंग्रजी ओबडधोबड आणि त्यांचं नाकातलं, त्यामुळे दोघंही सावकाश बोलत असू आणि बहुधा म्हणूनच आमचं जमलं.

त्यांची पदकं मी पहिल्यांदा पाहिली ती एप्रिलमधल्या एका सकाळी. त्यांच्या देशात त्या दिवशी युद्धात मेलेल्या सैनिकांची पहाटे आठवण करतात. परदेशी लोकांच्या कंपाउंडमधले चार-सहा ऑस्ट्रेलियन जमून तो दिवस पाळत. नंतर साहेबांनी मला चहाला बोलावलं. बघतो तर गडद निळ्या कोटावर डाव्या बाजूला पदकांची रांगच. हलले की किणकिण वाजायची. मी म्हटलं, "सर, एवढी सगळी तुमची?" ते म्हणाले, "उजवीकडे लावली असती तर माझ्या बापाची." त्यांच्यात अशी रीत आहे: स्वतः कमावलेली पदकं डावीकडे, बापजाद्यांची उजवीकडे.

मग एकेक पदक बोटानं उचलून त्यांनी सांगितलं. बापाच्या मेंढ्या राखायच्या नव्हत्या म्हणून कोवळ्या वयात ते अधिकाऱ्यांच्या शाळेत भरती झाले. हे पहिलं पदक शेजारच्या बेटावर शांतिसेनेत होते त्याचं. हे इराकचं. हे अफगाणिस्तानचं, तिथे तर ते पुन्हा पुन्हा गेले. कडेचं एक शौर्याचं. जळत्या गाडीतून त्यांनी दोन शिपाई ओढून बाहेर काढले होते. त्यातला एक जगला. साहेबांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे, तो तेव्हापासून. दुसऱ्या शिपायाबद्दल मी विचारलं नाही.

मी विचारलं ते भलतंच. आखातात आयुष्य गेलेल्या माणसाला दुसरं सुचणार काय? म्हटलं, "सर, घरी जायला रजा किती मिळायची?"

ते खूप हसले. म्हणाले, "हे मला आजवर कुणी विचारलं नाही. सगळे त्या गाडीचंच विचारतात." मग त्यांनी सांगितलं, की एकदा ते खूप महिन्यांनी घरी गेले तर लेक आईच्या मागे लपली आणि हा माणूस कधी जाणार म्हणून विचारायला लागली. मी टाळी द्यायला हात पुढे केला. माझ्या लेकीनं लहानपणी माझ्यासमोर आईला विचारलं होतं, "हे पाव्हणे कवा जातील गो?" त्या सकाळी आम्ही दोघं बाप यावर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. आता ते हसणं आठवलं की मला आमच्या दोघांचीही कीव येते.

त्यांची बायको केव्हाच वेगळी झाली होती. लेक आईकडेच वाढली. वर्षातून दोन-चार फोन, एवढाच बापलेकीचा संबंध. तिचं लग्न ठरलं आणि तिनं बोलावलं, तेव्हा साहेब ऑफिसात शीळ घालत आले. शीळ दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. लेकीनं लिहिलं होतं: बाबा, नक्की या, पण त्या दिवशी पदकं लावू नका. एक दिवस मला नुसते तुम्ही हवे आहात.

"यांच्याशिवाय मी आहे तरी कोण?" साहेब म्हणाले.

माझा राग कायम नाकावर. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जुना धंदा. मी म्हटलं, "सर, ही कसली लेक? बापानं जीव धोक्यात घालून मिळवलेलं, आणि तिला त्याची लाज वाटते? आमच्याकडे असं चालत नाही." साहेबांनी मान डोलावली. आपल्या मनातलं दुसऱ्यानं बोलून दाखवलं की माणसाला बरं वाटतं. त्यांनाही वाटलं.

रात्रीचं जेवण झाल्यावर मी गावी लेकीला फोन लावला. तिला दिवस गेले होते, म्हणून फोन जरा जास्तच करायचो. बोलण्यासारखं फार नसायचं, म्हणून ही बातमी तिखटमीठ लावून सांगितली. वाटलं, ती म्हणेल, काय बाई ही गोऱ्यांची तऱ्हा! पण ती म्हणाली, "अब्बा, मला त्या मुलीचं पटतं."

"काय पटतं?"

"तुमी यायचात तवा आधी तुमची बॅग ओटीवर यायची. मग तुमी. सगळी आळी बॅगेभोवती. मी तुमच्या मांडीवर बसायला आले की तुमी म्हणायचात, थांब, तुझी बाहुली काढतो. बाहुली हातात दिली की पुढच्याचं अत्तर. मग चॉकलेटं वाटायची. मग तुमच्या बहिणीची, फुफूची साडी. तोवर मी झोपून जायची. मना वाटायचं, एकदा तरी यांची बॅग मुंबईला विमानतळावर हरवू दे."

मी रागावलो. त्या बॅगेसाठी वाळवंटात हाडं शिजवली, असं काहीतरी बोललो आणि फोन ठेवला. पण झोप लागली नाही. आमच्या गावात आखातातून आलेल्याची बॅग उघडणं हा सणच. शेजारीपाजारी येऊन बसतात, कुणी सांगावं लागत नाही. बॅग जड तर माणूस भारी. टीव्हीशेजारी कंपनीनं दिलेली काचेची ढाल आहे, दीर्घ सेवेची. तिच्यावरचं प्लास्टिक घरच्यांनी अजून काढलेलं नाही. साहेबांच्या लेकीला शहाणपण शिकवायला निघालेल्या मला माझं हे मुसळ कधी दिसलंच नव्हतं.

सकाळी साहेबांकडे गेलो आणि सरळ म्हटलं, "काल मी चुकीचं बोललो. पदकं कपाटात ठेवा आणि जा." त्यांनी ऐकलं नाही. म्हणाले, कारखान्याचा शटडाउन आहे, सगळं बंद करून दुरुस्ती, जागा सोडता येणार नाही. शटडाउन होता हे खरं, पण त्यांना कुणी अडवलं नसतं. मी त्यांना न विचारता सौदीबाहेर जाऊन परत येण्याचा व्हिसा काढून ठेवला. तेच तर माझं काम. कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. रोज बघायचो, तो तिथेच. रोज म्हणायचो, "सर, अजून तिकीट मिळतंय." ते म्हणायचे, "यल्ला, कामाला लाग." शेवटी मी म्हणायचंही सोडलं.

लग्नाच्या शनिवारी सकाळी साहेबांचा फोन आला, जरा ये म्हणून. तिकडे ऑस्ट्रेलियात दुपार कलत असणार. गेलो तर साहेब निळा कोट घालून तयार. दाढी गुळगुळीत, बूट चकचकीत. हातात पदकांची रांग. "हात वर जात नाही," म्हणाले, "सरळ लावून दे." मी लावली. तेवढ्यानं कोटाचं कापड खाली ओढलं गेलं. दोनदा काढून पुन्हा लावली, तेव्हा ती सरळ बसली. त्यांच्या श्वासाला पुदिन्याच्या गोळीचा वास येत होता. शाळेत बक्षीस घ्यायला निघालेल्या पोरासारखे ते माझ्यापुढे स्थिर उभे होते.

लग्न बघायला जेवणाच्या टेबलावर सॉसच्या बाटलीला टेकवून फोन उभा केला होता. मी बाजूला, फोनमध्ये दिसणार नाही असा बसलो. थोड्या वेळानं पडद्यावर लेक आली. पांढऱ्या पोशाखात, हसत. मग तिची नजर कोटावर गेली.

"लावली तुम्ही," ती म्हणाली.

"तिथे लावायची नव्हती ना," साहेब म्हणाले, "म्हणून इथे लावली. तू सांगितलंस ते पाळलं."

ती हळूच म्हणाली, "बाबा, पदकं आणू नका म्हटलं होतं मी. येऊ नका असं कुठे म्हटलं?"

साहेबांनी तोंड उघडलं, पण तिला कुणीतरी हाक मारली आणि ती गेली. तिकडचा फोन कुणीतरी पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर ठेवला, तोही तिरपा. पुढचं सगळं लग्न आम्हाला दिसलं ते म्हणजे एका बाईची टोपी, एका झाडाची फांदी आणि आभाळ. आवाज मात्र येत होते. टाळ्या आल्या, हसणं आलं. लेकीला हात धरून बापाऐवजी आईच घेऊन गेली, हे साहेबांनी कुणाच्या तरी बोलण्यावरून ओळखलं आणि मला सांगितलं. साहेब शेवटपर्यंत ताठ बसून त्या फांदीकडे बघत होते. फोन बंद झाल्यावर म्हणाले, "काढ आता." मी पदकं काढली. त्यांची पेटी कुठे आहे ते मी विचारलं नाही, पदकं तिथेच सॉसच्या बाटलीशेजारी ठेवली. मला रडू येत होतं आणि चहा करायच्या निमित्तानं मी आत गेलो.

पुढच्या महिन्यात माझी रजा आली. लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. बायकोनं फोनवर यादी सुरू केली तेव्हा मी सांगितलं, या खेपेला काही आणणार नाही. "लोक काय म्हणतील?" ती म्हणाली. म्हटलं, म्हणू देत. हातात मावेल एवढीच पिशवी घेतली, दोन जोड कपडे आणि औषधाच्या गोळ्यांचा डबा. विमानतळावर सामानाच्या पट्ट्यापाशी न थांबता बाहेर पडलो तेव्हा मला आपण फार मोठं काहीतरी करतोय असं वाटत होतं.

घरी पोचलो. शेजारणी येऊन बसल्याच होत्या. रिकाम्या हातांकडे बघून एकीनं विचारलं, "सामान मागनं येतंय वाटतं?" मी नाही म्हटलं. हळूहळू त्या उठून गेल्या. बायको तोंड पाडून आत गेली.

ओटीवर लेक आणि मी उरलो. ती खूश होती, पोटावर हात ठेवून जवळ सरकून बसली. "प्रवास बरा झाला?" म्हणाली. म्हटलं, बरा झाला. "थंडी हाय काय तिकडं?" म्हटलं, थोडी थोडी. मग मी तिला विचारलं, तुझी तब्येत? म्हणाली, बरी. पुढे काय विचारायचं ते मला सुचेना. तिला आवडतं काय, तिचा राग कशानं जातो, शाळेत तिची मैत्रीण कोण होती, काहीच मला माहीत नव्हतं. बॅग असती तर ती उघडण्यात निदान निम्मा तास गेला असता. इतकी वर्षं तो असाच गेला होता.

"अब्बा, बोला ना कायतरी," ती म्हणाली.

मी तिला कर्नलसाहेबांच्या लेकीच्या लग्नाची गोष्ट सांगायला लागलो. ती गोष्ट आम्हा दोघांमधली नव्हती, पण लेकीला सांगण्यासारखी दुसरी माझ्याजवळ नव्हती.