यमुनाबाईंचं अंगण

रोज सकाळी दार उघडलं की यमुनाबाई समोरच्या हिरवळीकडे बघून विचारायच्या, "मेलं नाई अजून?" आलापल्लीला जंगलखात्याच्या क्वार्टरमध्ये आम्ही नवीनच राहायला आलो होतो. पहिल्या दिवशी मला वाटलं, घरात कुणी म्हातारं अंथरुणाला खिळलंय आणि ही बाई त्याच्या मरणावर टपलीय. मग कळलं, त्या गवताला शिव्या देत होत्या.

त्या रेंजरसाहेबांच्या पत्नी. माहेर आरमोरीचं. माझे यजमान खात्यात नकाशे काढायचे आणि आमचं घर त्यांना लागूनच. क्वार्टरच्या ओळीपुढे गोऱ्या साहेबांच्या काळापासून हरळीची हिरवळ होती. गोरे गेले, तरी नव्या मोठ्या साहेबांना ती तशीच हवी होती. मी नागपूरची, संध्याकाळी तिच्यावर खुर्ची टाकून बसायला मला आवडायचं. यमुनाबाई ओसरीवरून म्हणायच्या, "बसा, बसा. ढोरं तर चरतेतच, तुमी बसा."

आमचं कधी पटलं नाही. संक्रांतीला हळदीकुंकवाला बोलावलं, तर आल्या, तिळाचा लाडू दातांत धरला, "गोटा आहे," म्हणाल्या आणि उठून गेल्या. कुणाशी गोड बोलणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. "तोंड गोड करून बोलते त्याले काईतरी पाह्यजे असते," असं त्यांचं ठाम मत होतं.

त्या उन्हाळ्यात ओळीची एकुलती एक विहीर तळाला गेली. मोठ्या साहेबांचा हुकूम होता, आधी हिरवळ, मग घरं. आम्ही बायका रिकाम्या घागरी घेऊन उन्हात उभ्या, आणि माळी बादल्यांमागून बादल्या गवतावर ओततोय. कुणी बोलत नव्हतं. प्रत्येकीच्या नवऱ्याची नोकरी त्याच साहेबाच्या हातात. एका सकाळी यमुनाबाई विहिरीच्या कठड्यावर दोर मांडीत घेऊन बसल्या. माळी हात जोडून म्हणाला, "बाई, माही नोकरी जाईल."

"जाऊ दे. लेकरं तहानले इथी, अन् तू गवत पाजून राह्यला?"

त्या दिवशी सगळ्या घरांत आधी पाणी गेलं. माझी घागर भरताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुमाले तोंड नोव्हतं का?"

रेंजरसाहेब दौऱ्यावर होते. तेवढ्यात यमुनाबाईंनी आपल्या दारापुढची हरळी मुळासकट खणून काढली. बैलबंडीभर मुरूम आणवून पसरला, दाराजवळची जागा शेणानं सारवली. आंब्याच्या सावलीत पानओवा लावला, उन्हाच्या बाजूला घोळीची भाजी, कडेनं गवती चहा. घोळ जमिनीला चिकटून पसरली, भांडी धुतलेल्या पाण्यावर तगली आणि आठवड्याला भाजीलाही यायला लागली. लाल मुरमावर ती हिरवी नक्षी खरंच देखणी दिसत होती. मी तसं म्हटलं.

"सुंदर दिसाले नाई केलं," त्या म्हणाल्या. "अन् तुमच्या खुर्चीसाठी तर नाईच नाई."

रेंजरसाहेब परतले, त्याच दिवशी मोठे साहेब आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "रेंजर, तुमच्या घरात चालतं कुणाचं?" रेंजरसाहेबांनी मान खाली घातली. दारातून उत्तर आलं, "माह्यं चालते. जंगल त्याइचं, घर माह्यं."

"हे सरकारी आवार आहे. हिरवळ पुन्हा लावा," एवढंच बोलून साहेब गेले.

दुसऱ्या दिवशी रेंजरसाहेब स्वतः उकिडवे बसून हरळीच्या काड्या रोवत होते. यमुनाबाई उभ्या राहून बघत होत्या. त्यांचं रोवून झालं आणि यमुनाबाईंनी एकेक काडी त्यांच्यासमोर उपटली. रेंजरसाहेब मऊ बोलणारे गृहस्थ, पण त्या दिवशी ओरडले, "तुझ्या घोळीपायी माझी नोकरी घालवशील!"

"भित्र्याच्या नोकरीचं मले काऊन कौतुक असावं?"

सगळ्या ओळीनं ऐकलं. त्या दिवसापासून रेंजरसाहेब त्यांच्याशी बोलेनासे झाले. पावसाळ्याआधी बदली आली, सिरोंच्याच्याही पलीकडे, हिवतापाच्या मुलखात. बदली कशासाठी झाली, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

निघायच्या दिवशी मी पोळीभाजीचा डबा घेऊन गेले. त्यांनी हात पुढे केला नाही. "शेजारी होतो तवा कधी डबा नाई आला. आता जाऊन राह्यलो तर डबा?" ट्रक फाटकाबाहेर पडायच्या आतच माळी घोळ उपटायला लागला होता. यमुनाबाईंनी मान वळवली नाही.

दोन-अडीच वर्षांनी रेंजरसाहेब कामासाठी आलापल्लीला आले. फार वाळले होते. आमच्या ओसरीवर बसून त्यांनी सांगितलं, यमुनाबाई तापानं गेल्या.

"तिकडे गेल्यावर बोलणं सुरू झालं होतं ना?" माझ्या यजमानांनी विचारलं.

त्यांनी मान हलवली. "नाही. मी हट्टाला पेटलो होतो. आणि माफी मागणं तिच्या रक्तातच नव्हतं. ताप चढला तेव्हा उशाशी जाऊन बसलो. शेवटी तीच बोलली. म्हणाली, 'रडू नोका. तुमाले रडता येत नाई. बरं नाई दिसत.'"

"मग?" मी विचारलं.

"मग मी रडलो," रेंजरसाहेब म्हणाले, "आणि ती रागावली."