वकीलसाहेब साक्षीला उभे राहिले

"कागद घेतलाच न्हाई मी. दार लावलं तोंडावर," पिंपरीच्या राहीबाई आमच्या ऑफिसात सांगत होत्या. आपण मोठं शहाणपण केलं, असंच त्यांना वाटत होतं.

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते माझे सीनियर. नावाजलेले वकील, शिवाय आमच्या भागाचे आमदार. कुळांसाठी विधानसभेत भांडलेला माणूस. कासारवाडी-पिंपरीकडे त्यांच्या शब्दाला फार मान.

तेव्हा पिंपरीला कारखान्यांसाठी सरकार जमिनी घेत होतं. आधी नोटीस येते. हरकत असेल तर मुदतीत लेखी द्यायची. नोटीस नाकारली तर ती दारावर चिकटवतात, आणि कायद्याच्या लेखी ती मिळालीच. राहीबाईंची मुदत केव्हाच संपली होती.

"अहो, पण घेतली का नाही?" मी चिडूनच विचारलं.

"आता गं बया! सायेबांनीच सभेत सांगितलं व्हतं की. सरकारी कागदाला हात लावू नका, आधी मला इचारा. सायेब तर मुंबईला, अशेंबलीत. आमी वाट बघत बसलो."



"जमीन जाऊ दे," बाई म्हणाल्या. "पर इहिरीपाशी माझं तान्हं पोर पुरलंय. तेवढा तुकडा सोडा म्हणावं."

मी त्याच दिवशी हरकत लिहिली.

हरकती ऐकणाऱ्या प्रांतसाहेबांपुढे तारीख लागली. "एवढा उशीर का?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी फाइल माझ्या हातात दिली. "केस तू चालव. मी साक्षीदार." एकाच प्रकरणात वकिली आणि साक्ष, दोन्ही करू नयेत असा आमच्या धंद्याचा रिवाज.

"साहेब, इलेक्शन तोंडावर आलंय. विरोधक फाडून खातील!" मी कुजबुजलो.

"खाऊ देत. प्रश्न विचार."

मी प्रश्न विचारला. साहेब शपथेवर म्हणाले, "या बाईंची चूक नाही. चुकीचा सल्ला मी दिला. भर सभेत दिला."

प्रांतसाहेबांनी जबाब लिहून घेतला. माणूस सज्जन होता. "वाईट वाटतं, साहेब," ते म्हणाले. "पण मुदत वाढवायचा अधिकार मला नाही."

जमीन गेली. विहीर बुजवली. विरोधकांनी तो जबाब गावोगाव वाचून दाखवला आणि साहेब इलेक्शनला पडले.

नंतर एकदा राहीबाई ऑफिसात आल्या. साहेब उठून उभे राहिले.

"तुमी खरं बोललात, सायेब," त्या म्हणाल्या. "पर माझं पोर कारखान्याखाली गेलं."

चूक कबूल केली की वकिलाचं मन हलकं होतं. अशिलाला त्यातलं काही मिळत नाही.