चैत्राची गणिताची हजेरी

"लव्ह केस असणार, मॅडम," प्रिन्सिपॉल म्हणाले आणि चैत्राची अटेंडन्स शीट त्यांनी माझ्याकडे सरकवली. "पहिल्या तासाला गायब, दुसऱ्यापासून हजर. म्हणजे घरून वेळेवर निघते, कुठंतरी तासभर बसते, मग येते. इतकी वर्षं मुलं बघतोय मी."

आमचे प्रिन्सिपॉल रिटायरमेंटला टेकलेले. त्यांच्या मते मुलांच्या अडचणी दोनच, मोबाईल आणि लव्ह. चैत्राकडे मोबाईल नव्हता. मग राहिलं काय?

मी कन्नड मुलखाच्या राजधानीत, जे. पी. नगरमधल्या एका पीयू कॉलेजात गणित शिकवते. अकरावी-बारावीला इथं पीयूसी म्हणतात आणि शिकवणाऱ्याला लेक्चरर. मी मूळची निपाणीची, घरात मराठी आणि दाराबाहेर कन्नड. पुढची सगळी बोलणी झाली कन्नडात, मी ती तुम्हाला मराठीत सांगतेय. शिकवण्याखेरीज कॉलेजच्या अटेंडन्सचं लोढणंही माझ्याच गळ्यात आहे. नियम सरळ आहे. प्रत्येक विषयात पंचाहत्तर टक्के हजेरी पाहिजे. कमी पडली की त्याला आम्ही शॉर्टेज म्हणतो. नाव शॉर्टेज लिस्टवर चढलं की हॉल तिकीट अडतं, आणि हॉल तिकीट नसेल तर बोर्डाची परीक्षा नाही. अख्खं वर्ष पाण्यात.

चैत्रा बारावी सायन्सला, ए सेक्शनमध्ये. बाकी सगळ्या विषयांत तिची हजेरी चोख होती. फक्त गणितात निम्मीसुद्धा नाही. आमच्याकडे ए आणि बी या दोन्ही सेक्शनना गणित रोज सकाळी आठला असतं, डोकी ताजी असतात म्हणून. ए सेक्शन माझा, बी नंजुंडप्पा सरांचा. आता ज्या विषयात हजेरी नाही तो विषय आपला, हे मला दिसत का नव्हतं, असं तुम्ही विचाराल. दिसत होतं हो! पण सकाळी आठला पोरं झोपेपायी बुडवतात, अशी मी स्वतःची समजूत घालून ठेवली होती. फार सोयीची समजूत होती ती.

दोन दिवसांनी दुसरंच लचांड निघालं. टेस्टचे पेपर तपासायला बसले तर चैत्राला ऐंशीपैकी एकसष्ट! पहिल्या टेस्टला हीच पोरगी चौदावर होती. वर्गात येत नाही आणि मार्क चौपट? मी पेपर घेऊन तडक केबिनमध्ये गेले.

"कॉपी," प्रिन्सिपॉल म्हणाले.

"परवा लव्ह केस म्हणालात."

"लव्ह केसवाल्याने कॉपी दिली असेल."

या माणसापुढे काय बोलणार! मी चैत्राला स्टाफरूममध्ये बोलावलं. बारकीशी, दोन वेण्या, बोटांना शाई. मी एक गणित कागदावर लिहिलं आणि म्हटलं, "सोडव. माझ्यासमोर." इंटिग्रेशनचं होतं. इंटिग्रेशन म्हणजे वाकड्या आकाराचे बारीक बारीक तुकडे पाडायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. माझा वर्ग ज्यावर दोन आठवडे अडून बसला होता, तसलंच ते होतं. बयेने ओठातल्या ओठात कन्नडात पुटपुटत पाच मिनिटांत ते सोडवून माझ्यापुढे ठेवलं.

"कुणी शिकवलं?"

ती बोटांवरची शाई चोळत राहिली.

"ट्यूशन लावलीस?"

"नाही मिस."

"मग आठ ते नऊ असतेस कुठं?"

डोळे भरले, पण तोंड उघडेना. मला राग आला. खरं सांगायचं तर रागापेक्षा अपमान जास्त वाटला. मी म्हटलं, "सरी, बरं, मग वडिलांना घेऊन ये."

वडील दुसऱ्या दिवशी आले ते कारखान्याच्या निळ्या युनिफॉर्ममध्येच. बोम्मसंद्र्याला एका कारखान्यात मशीनवर असतात. अर्धी शिफ्ट मोडून आले होते. मी शॉर्टेजचं सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, ती पावणेसहाला घर सोडते. दोन बस बदलते. साडेसातला कॉलेजात पोचते. आजपर्यंत एक दिवस चुकवलेला नाही. मी स्वतः स्टॉपवर सोडतो."

मी वॉचमनला विचारलं. त्याने वही काढून दाखवली. चैत्रा रोज साडेसात, सात पस्तीसला आत.

"ती कन्नड मीडियमची," वडील उठता उठता म्हणाले. "दहावीपर्यंत शाळेत पहिली यायची. इथं आल्यावर अकरावी कशीबशी काढली. यंदा पहिले दोन महिने रोज रडायची. आता रडत नाही. आता तुम्ही परीक्षेलाच बसू दिलं नाही, तर मी तिला काय सांगू?"

चहा घ्या म्हटलं, तर शिफ्ट आहे म्हणून गेले.

म्हणजे पोरगी कॉलेजातच होती. पण कुठं? दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी वर्गाला पाच गणितं दिली, मॉनिटरला फळ्याजवळ उभं केलं आणि शोधाला निघाले. कँटीन पाहिलं, तिथं फक्त इडलीचं भांडं. लायब्ररीला कुलूप. लेडीज रूममध्ये दोन कॉमर्सच्या पोरी आरशासमोर उभ्या होत्या, त्या मला बघून दचकल्या. समोरच्या ज्यूसच्या दुकानातही डोकावून आले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, काय देऊ?" मी म्हटलं, "काही नको," आणि लाजेकाजेस्तव एक मोसंबी ज्यूस पिऊन परत आले.

बी सेक्शनवरून जाताना नंजुंडप्पा सरांचा आवाज ऐकू आला. फळ्यावर त्यांनी एक वेडावाकडा आकार काढला होता आणि अस्सल कन्नडात उजळणी चालली होती, "हे बेळ्ळंदूरचं तळं. कडा अशी वाकडी. क्षेत्रफळ कसं काढणार? टेप लावून? अय्यो, त्या फेसाळ घाण पाण्यात कोण उतरणार!" पोरं खदखदली. "मग वरूनच पट्ट्या पाडा. अजून बारीक. अजून स्वल्प बारीक. आता जोडा. झालं इंटिग्रेशन!" मी मागच्या दारातून आत बघितलं. शेवटच्या बाकावर, दोन पोरींच्या मधे दबून बसलेली चैत्रा मान मोडून लिहीत होती.

मी तिथंच खिळले. कॅम्पसभर जिला शोधत होते ती माझ्याच भिंतीपलीकडे बसून माझाच विषय शिकत होती. फक्त माझ्याकडून नाही!

तास सुटल्यावर मी सरांना गाठलं. "सर, तुमच्या वर्गात माझ्या सेक्शनची मुलगी बसते, माहीत आहे तुम्हाला?"

"माहीत आहे," ते खडू झटकत म्हणाले. "माझ्या रजिस्टरात नाव नाही म्हणून हजेरी लावत नाही. पण गणित लिहिणाऱ्याला मी वर्गाबाहेर काढत नाही."

"मला सांगायचंत तरी!"

"काय सांगायचं मॅडम? तुमचं त्या पोरीला कळत नाही म्हणून? तुम्ही मला खाल्लं असतं."

खाल्लंच असतं.

चैत्राला बोलावलं. यावेळी मी आवाज खाली ठेवला. ती म्हणाली, "मिस, तुम्ही फार भराभर इंग्रजीत बोलता. मी एक वाक्य लावेपर्यंत तुम्ही अख्खा फळा पुसलेला असतो. सांगितलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं. सरांनाही तुम्ही रागावला असता."

एका पोरीने माझं मन राखण्यासाठी स्वतःचं हॉल तिकीट घालवायची तयारी केली होती! मला इतकं लाजल्यासारखं झालं की काय सांगू. कारण मला कन्नड येतं, चांगलं फडाफडा येतं. पण ते आमच्या बेळगाव भागातलं. इथं पहिल्या वर्षी मी वर्गात कन्नड बोलले आणि माझ्या हेलावर पोरं फिदीफिदी हसली. त्या दिवशी मी ठरवलं, ह्यांच्यापुढे आता फक्त इंग्रजी. पोरांना इंग्रजीची सवय व्हावी म्हणून मी असं करते, हे मी एकोणीस वर्षं सगळ्यांना सांगत आले. हळूहळू माझाही त्यावर विश्वास बसला होता.

आता प्रश्न हजेरीचा. तिच्या वहीत रोजची तारीख होती आणि त्या दिवशीचं गणित. आम्ही लेक्चरर वर्क डन डायरी ठेवतो, म्हणजे कुठल्या तारखेला काय शिकवलं त्याची नोंद. नंजुंडप्पा सरांची डायरी आणि चैत्राची वही घेऊन मी आणि सर बसलो. तारीख लावून पाहिली, गणित लावून पाहिलं. सगळं जुळलं. सर एका दिवशी सर्दीमुळे अर्ध्यातच थांबले होते, तर तिच्या वहीतही अर्धंच गणित.

प्रिन्सिपॉलनी दोन्ही पाहिलं. म्हणाले, "नियमाने तिनं स्वतःच्या सेक्शनमध्ये बसायला हवं."

"सर, पंचाहत्तर टक्के हजेरी गणिताची लागते. माझी नाही."

ते जरा हसले. "बरं. पण फाईलला कारण लागेल. मुलगी स्वतःच्या वर्गात का बसली नाही, ते तिच्या लेक्चररनं लिहून द्यायचं. सहीनिशी."

मी स्टाफरूममध्ये कागद घेऊन बसले. पहिल्या कागदावर लिहिलं, तब्येतीच्या कारणामुळे. फाडला. दुसऱ्यावर, वेळापत्रकातील गोंधळामुळे. तोही फाडला, कारण वेळापत्रक मीच करते. तिसऱ्यावर खरं लिहिलं. 'माझ्या वर्गात शिकवलेले या विद्यार्थिनीला समजत नव्हते. शेजारच्या वर्गात समजत होते. म्हणून ती तेथे बसली.' खाली सही केली आणि नेऊन दिलं.

प्रिन्सिपॉलनी चष्मा काढला. "मॅडम, हे फाईलमध्ये कायम राहील. जरा सौम्य करा."

"सौम्य केलं तर तिकीट मिळेल का?"

त्यांनी चष्मा परत चढवला आणि शिक्का मारला.

हॉल तिकीट आलं. मीही वर्गात गणित कन्नडातून समजवायला लागले. दोन दिवस पोरं हसली, तिसऱ्या दिवशी शंका विचारायला लागली. एकोणीस वर्षांत मला इतक्या शंका कुणी विचारल्या नव्हत्या. आठवड्याने मी चैत्राला मोठ्या तोऱ्यात विचारलं, "काय गं, आता कळतं ना माझं?"

"कळतं मिस." मग जरा चाचरत, "पण परीक्षेपर्यंत बी मध्येच बसू का?"

बस बाई, म्हटलं. यावेळी रीतसर परवानगी लिहून दिली.

तिला बोर्डात गणितात ब्याण्णव मिळाले. मूल कॉलेजला तयार आहे की नाही हे जोखायला आमच्याकडे तक्ते असतात, मार्क, हजेरी, घरची परिस्थिती, भाषा, सगळ्याचे रकाने. न कळल्यावर मूल काय करतं, हा रकाना कुठल्याच तक्त्यात नाही. मी मात्र आता कुणी सारखं गैरहजर दिसलं की आधी शेजारच्या वर्गात डोकावते, कँटीन नंतर.

चैत्रा आता इंजिनिअरिंगला आहे. पहिल्याच महिन्यात तिचा फोन आला. मी विचारलं, "कसं चाललंय? इंग्रजी जमतंय का?"

"जमतंय मिस. तीन सेक्शनना तीन वेगळे सर आहेत. सगळ्यांच्या वर्गात दोन-दोन दिवस बसून बघितलं. सी मधल्या सरांचं छान कळतं."

"आणि तुझा सेक्शन कुठला?"

"ए."

"अगं, मग हजेरी?"

"त्यासाठीच तर फोन केला मिस. तुम्ही ते पत्र लिहिलं होतं ना, तसं आमच्या सरांकडून कसं लिहून घ्यायचं?"