जयंतीच्या फणसातला भिरूड

मधू घाडीला आमच्या दिंडोशीच्या सोसायटीत सगळे किडेवाले काका म्हणतात. मी मात्र मेल्याच म्हणतो. गाव एक, शाळा एक, आणि सातवीनंतर दप्तर खुंटीला टांगलं तेही दोघांनी एकाच वर्षी. गिरणी बंद पडल्यावर मी वॉचमन झालो आणि मधू अंधेरीच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई. काम बाटल्या पुसायचं, पण वर्षभरात हा गडी किडे टाचायला शिकला. मला घरी बसवून दाखवायचा. "फुलपाखराला टाचणी छातीत, मधोमध. भुंग्याला उजव्या पंखात. डावा अख्खा राहिला पाहिजे, बघणाऱ्याला."

"आणि माणसाला रे?"

"माणसाला कुठेही टोच. अख्खा राहत नाही."

असा हा. हजारांनी किडे टाचले असतील, एकाची मिशी मोडली म्हणाल तर नाही.

त्याची बायको जयंती. इमारतीमागचा फणस तिने लावला, माहेरच्या कापा फणसाची आठळी आणून. इथे राहायला आलो त्याच वर्षी. मग तीस वर्षं त्या झाडाचे फणस काढून आळीभर वाटले बाईने. शेवटची दोन वर्षं डायलिसिसवर गेली. ती गेली आणि मधू रोज सकाळी झाडाखाली खुर्ची टाकून बसायला लागला.

तिथेच त्याला तो भुंगा सापडला, जूनच्या सुरुवातीला. बोटाएवढा, राखाडी, पंखांवर दोन तिरपे पिवळे पट्टे, आणि मिश्या अंगाच्या दीडपट. मधूने त्याला टाचला आणि कॉलेजातल्या ओळखीने शर्मिष्ठा मॅडमकडे नेला. त्या एका संस्थेत भुंग्यांवरच काम करतात. त्यांनी संस्थेतले टाचलेल्या भुंग्यांचे सगळे खण उपसले, परदेशात फोटो पाठवले. महिन्याने स्वतः घरी आल्या. मीही होतो.

"काका, हा कुणीच लिहिलेला नाही. नवी जात आहे, मला जवळजवळ खात्री आहे. पण हा एकच नर. लोक म्हणतील, जुन्याच जातीचा रंग उडालाय. मादी मिळाली की कुणाला बोलायला जागा नाही."

मग म्हणाल्या, "नाव मी द्यायचं असतं. कुणाचं देऊ, सांगा. तुमचं?"

मधूने भिंतीवरच्या बायकोच्या फोटोकडे बघितलं. मग म्हणाला, "जयंतीचं चालेल?"

मॅडमनी वहीत लिहून दाखवलं, मागे लॅटिन शेपूट जोडून. मधूने तो कागद फोटोच्या चौकटीत, काचेखाली सरकवला. बायकोचं नाव जगाच्या पुस्तकात जाणार, गंमत आहे का! मी तर दूधवाल्यालाही सांगितलं.

अट एकच. पुढल्या पावसापर्यंत झाडाला हात लावायचा नाही. अळ्या खोडात आहेत, पावसाच्या तोंडाशी भुंगे बाहेर पडतील, त्यात मादी असेलच.

आता आमच्या गावची रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. फणसाच्या खोडाला भोक दिसलं, बुडाशी ताजा भुसा पडला, की तो भिरूड. कुणी कुणाला विचारत नाही. तार वाकवून आत घालायची, अळी ओढायची, रॉकेलचा बोळा कोंबायचा, वरून शेणमातीने लिंपायचं. मधूचे वडील खोडाला कान लावून आत किती अळ्या आहेत ते सांगायचे. पोरवयात मधूने दुसरं काय केलं?

एप्रिलमध्ये फणसाची पानं पिवळी पडली. एक फांदी वाळली. मधू रोज भुसा मुठीत घेऊन बघायचा. एका सकाळी माझ्याकडे आला, हातात बाटली. "तुझ्या पोराच्या स्कूटरमधलं वाटीभर पेट्रोल दे रे."

"कशाला?"

"डाग काढायचाय."

दिलं मी. रॉकेल हल्ली मिळतं कुठे, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही.

मे संपता संपता मॅडमनी खोडाला जाळी बांधली. जून गेला, जुलै गेला. जाळीत मुंग्या आल्या, एक पाल आली, भुंगा एकही नाही. फणसाला मात्र नवी पालवी फुटली.

त्यानंतरच्या दिवाळीआधी मॅडम आल्या त्या पाणीसुद्धा न पिता बसल्या. दक्षिणेकडच्या डोंगरातून कुणीतरी तीच जात लिहून छापली होती, नर-मादी दोन्ही दाखवून. नाव तिकडच्या नदीचं.

"चूक माझी, काका. एका नरावर छापायला हवं होतं. मी थांबले."

मी मधूकडे बघितलं. तो फरशीकडे बघत होता.

जाताना त्यांनी मोबाइलवर भुंग्याखालच्या चिठ्ठीचा फोटो दाखवला. 'दिंडोशी, फणसावर. संग्राहक म. घाडी.' म्हणाल्या, "तुमचं नाव तरी राहील."

त्या गेल्यावर मधू मला झाडाकडे घेऊन गेला. खोडावर गुडघ्याएवढ्या उंचीवर लिंपलेल्या मातीचा डाग, कडेने साल चढत आलेली.

"माका बघवला नाय रे," तो म्हणाला. "झाड तिच्या हातचा. हात आपसूक गेले. अळी मऊ येता, ह्या कडक इला. बघतंय तर पुरी झालेली मादी. पावसाची वाट बघत बसली होती आत. तारेवर डोक्या एकीकडे, पोट दुसरीकडे."

"मग?"

"परत आत घातली. वरून बोळो. लिंपून टाकलंय."

"आता मॅडमना सांगितलं का नाहीस मेल्या? ती बाई स्वतःला दोष देऊन गेली!"

त्याने लिंपलेल्या मातीवर अंगठा दाबून बघितला. आणि पेट्रोल माझ्या घरचं, मी तरी किती ओरडणार?

यंदा झाडाला अकरा फणस लागले. मधूने एकही तोंडात घातला नाही, सगळे वाटले. पहिला फोडून, गरे साफ करून, डब्यात भरून मॅडमच्या संस्थेत पोचवायला मला दिला. मी डबा उघडून बघितला.

"आत मॅडमना चिठ्ठी नाय?"

"काय लिहू?" मधू म्हणाला, आणि हाताचा चीक तेलाने पुसत बसला.