किटलीची तोंडी परीक्षा

सांडलेल्या दुधाचा वास आला की मला पदार्थविज्ञानाची तोंडी परीक्षा आठवते. त्यातल्या यांत्रिकीच्या भागात एकदा गचकलो होतो, म्हणजे नापास. या खेपेला पास झाल्याशिवाय गावी कोडोलीला तोंड दाखवायचं नाही, असं ठरवूनच दुधाचा रतीब घालून थेट विद्यापीठात शिरलो. परीक्षकांनी विचारलं, "उभ्या वर्तुळात फिरवलेल्या बादलीतलं पाणी वर गेल्यावर सांडत का न्हाय?" सूत्र आठवेना. "दावतो की, सर," म्हणत मी उरलेल्या दुधाची किटली गरगर फिरवली. थेंब सांडला नाही. "बास, थांब आता," सर म्हणाले आणि मी आज्ञाधारकपणे थांबलो, नेमका हात वर असताना. दुधानं न्हालेल्या माझ्याकडं बघून सर शांतपणे म्हणाले, "वेग कमी पडल्यावर काय हुतंय, तेबी दावलंस. पास." आता मी हाच धडा किटली घेऊन शिकवतो, फक्त वर्गाला आधीच बजावतो, मधेच कुणी थांब म्हणायचं नाही.