ओट्यावरून दिलेली उत्तरं

दर काही वर्षांनी ती डॉक्टर मंडळी पाचोऱ्याकडून जीप घेऊन आमच्या गावात यायची. कॅन्सर, शुगर, बीपी माणसाला कशानं होतं ते शोधायला त्याच घरांत, त्याच माणसांकडे वर्षानुवर्षं जायचं, असं त्यांचं काम. काम चांगलंच आहे, मी कुठं नाही म्हणते? माझं डोकं फिरतं ते वेगळ्याच गोष्टीनं.

आबा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे. त्यांचं रक्त घेऊन झालं, की प्रश्न माझ्या मायबद्दल. माय दाराआड. परक्या पुरुषांसमोर ती यायची नाही. "बाई तंबाखू खातात का?" आबा छाती फुगवून सांगायचे, "आमना घरमा कोनी बाई तमाखू खास नई. बठ्ठं चांगलं शे." सगळं चांगलं, झालं! चहा पिऊन जीप पुढच्या घरी. अहो, तुमच्यात एक डॉक्टरीणबाई होती ना? उंबरा ओलांडायला तिला काय झालं होतं?

आणि तेव्हा मायच्या तोंडात काय? मिसरी! तंबाखूच ती, तव्यावर काळी भाजून कुटलेली. सकाळी घासायची, दुपारी भांडी आवरली की पुन्हा. आमच्याकडे तिला कुणी तंबाखू म्हणतच नाही. मायसुद्धा नाही. दात घासायचं औषध म्हणे! नुसता संताप होतो.

गालात फोड आला, तेव्हा आबा म्हणाले, उष्णता असेल. त्याच फोडासकट माय दाराआड उभी राहिली आणि आबांनी ओट्यावरून तेच उत्तर दिलं. शेवटी जळगावला तिचा निम्मा जबडा काढावा लागला.

यंदा जीप पुन्हा आली, तेव्हा मी माहेरीच होते. आबांचं सुरू, "आमना घरमा..." अरे, लाज कशी वाटत नाही! मी उठणार, तोच माय बाहेर आली. पदर खांद्यावर, तसलं तोंड उघडं, सगळ्या पुरुषांसमोर. डॉक्टरीणबाई लगबगीनं तिच्याकडे वळली. मायनं तिचा हात बाजूला सारला, आत गेली आणि माझ्या वहिनीला मनगट धरून ओढत ओट्यावर घेऊन आली. वहिनीचं मिसरीचं बोट अजून काळंच होतं.

"मनं राहू दे," स्वतःच्या गालाला बोट लावून माय म्हणाली. शब्द धड फुटत नव्हते. "पहिले हिनं तोंड देख."